कोपऱ्यातला मार्क

दि. ९ फेब्रुवारी

तीर्थरूप मामा,

नमस्कार. दरवेळी 'साष्टांग' लिहायचे, आज हात तिथे अडला, म्हणून एवढ्यावरच भागवते.

तुमचं पत्र मिळालं. खोकला कमी झाला हे वाचून बरं वाटलं. माझं ठीक चाललंय. खोली लहान आहे, पण सकाळचं ऊन थेट आत येतं. घरमालकीण कडक आहे. नळ जरा टपकला की वरून आवाज येतो, "पाणी काय फुकट येतं का?" मामीची काळजी करू नका. तिचा गुडघा आता चांगला वळतो, कठडा धरून एकटी जिना चढते.

तुम्ही लिहिलंय, झालं गेलं विसरून जा, घरातलं भांडण घरातच मिटवू. मामा, आपलं भांडण झालंच कुठे? भांडायला दोघं लागतात. त्या दिवशी काचेची चौकशी करणाऱ्या त्या अधिकाऱ्यांच्या खोलीत मी तोंडातून शब्दही काढला नव्हता.

टेबलावर एका बसच्या खिडकीच्या फुटलेल्या काचेचे तुकडे ठेवले होते. लांबलचक, सुऱ्यासारखे. भट्टीत तापवून कडक केलेली टफन काच अशी फुटतच नाही, तिचा चुरा होतो, हे तुम्हीच मला शिकवलंत. आणि त्यातल्या एका तुकड्याच्या कोपऱ्यात आपल्या कारखान्याचा मार्क होता. काच टफन असल्याचं सांगणारा. मी मनात म्हटलं, कोणीतरी आपला मार्क चोरला. आता मामा उसळणार. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही हात जोडून साहेबांना म्हणालात, "मार्किंगचं सगळं ह्या बाई बघतात. मी डोळे झाकून विश्वास ठेवला हो."

ह्या बाई.

आई गेल्यावर तुम्ही मला घरी आणलंत, तेव्हापासून मी तुमची 'पोर' होते. कॉलेजच्या फॉर्मवर पालक म्हणून सही तुमची. कारखान्यात मी पहिल्या दिवशी आले, तेव्हा तुम्ही भट्टीवरच्या माणसांना ओरडून सांगितलंत, "माझी पोर आहे, चुकली तर मला सांगा, तिला बोलू नका." त्याच दिवशी मला मार्क मारायची स्टेन्सिल दाखवलीत आणि म्हणालात, "काचेला तोंड नसतं, म्हणून तिच्या कोपऱ्यात आपण बोलायचं. कोणी बनवली, कुठल्या जातीची, कुठल्या परवान्याखाली. खिडकीत बसल्यावरही वाचता आलं पाहिजे आणि पुसलं जाता कामा नये." मी ते नव्या पोरांना अगदी तुमच्याच आवाजात सांगायचे. सगळे हसायचे.

परत येताना गाडीत तुम्ही जे बोललात ते तुमच्या पत्रात नाही. मी लिहिते. तुम्ही म्हणालात, "मनाला लावून घेऊ नकोस. माझ्यावर आलं तर परवाना जातो, सगळी माणसं घरी बसतात. तुला फार तर ताकीद मिळेल. तू तरुण आहेस, सावरशील."

मी विचारलं, "म्हणजे ती काच तुम्ही...?"

"भट्टी बंद होती. गिऱ्हाईक दारात ठाण मांडून बसलेलं. साधी काच कापून आणली आणि सुट्टीच्या दिवशी मीच मार्क मारले. थोड्याच गाड्या आहेत गं. सगळ्याच फुटतात का?"

"आणि त्या बाईचं काय?"

तुम्ही आरशात बघत विचारलंत, "कुठल्या बाईचं?"

मी सिग्नलला उतरले ती तेव्हा. तुम्हाला वाटलं, रागाने उतरले. खरं सांगू? राग नंतर आला. त्या क्षणी मला नुसती तुमच्या शेजारी बसायची भीती वाटली.

ती बाई म्हणजे त्या बसमधली, मामा. तयार कपड्यांच्या कारखान्यात बाह्या शिवते. हातगाडी आडवी आली म्हणून ड्रायव्हरने करकचून ब्रेक लावला आणि तिचा हात खिडकीवर आपटला. मी तिला भेटायला दवाखान्यात गेले होते. मला वाटलं होतं, ती शिव्या देईल. तिने फक्त हात पुढे केला आणि म्हणाली, "ही दोन बोटं वळत नाहीत. डॉक्टर म्हणतात बघू. तुम्हाला काय वाटतं?" मला काय वाटणार!

आता जे लिहायचं टाळतेय ते.

तुम्हाला वाटतंय मामी तिच्या भावाकडे गेली आहे. ती माझ्याजवळ आहे.

मी सामान भरायला घरी आले, तेव्हा ती मटार सोलत होती. मी काही सांगणार नव्हते, पण तिने बॅग धरून ठेवली. सगळं ऐकल्यावर तिने एकच विचारलं, "म्हणजे माझं ऑपरेशन झालं म्हणून त्यांनी तुला घरी बसवलं नव्हतं?"

मामा, मलाही तसंच वाटलं होतं. "काम मी बघतो, तू मामीजवळ थांब," असं म्हणून तुम्ही माझ्याकडून मार्किंगच्या खोलीची किल्ली घेतलीत, तेव्हा माझे डोळे भरून आले होते. मामी तर कौतुकाने शेजारणीपाजारणींना सांगत सुटली होती, "बायकोच्या गुडघ्यासाठी माणसाने कारखान्यातलं हाताखालचं माणूस सोडलं." ते आठवून ती मला म्हणाली, "मी किती मूर्ख दिसले असेन गं त्यांना."

परवा ती माझ्याबरोबर त्या ऑफिसात आली. मी तिला ये म्हटलं नव्हतं. काठी टेकत दोन जिने चढली, मध्ये दोनदा थांबली. साहेबांनी विचारलं, "आपण कोण?"

"कारखान्याच्या मालकाची बायको."

ते उठून उभेच राहिले. मामी बसली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "भट्टी बंद होती तेव्हा ही पोर दिवसरात्र माझ्या उशाशी होती. मला उठवत होती, न्हाऊ घालत होती. मार्किंगच्या खोलीची किल्ली ह्यांनी माझ्यासमोर तिच्याकडून मागून घेतली. लिहा तसं." मग सही करायला तिने पेन उचललं, तर साहेब म्हणाले, "घाई नाही, विचार करा." ती म्हणाली, "विचार घरी करून आलेय."

तुम्हाला दोन-चार दिवसांत नोटीस येईल. मार्क मारायचा परवाना काढून घेतलाय. त्या दिवसांतल्या काचा ज्या ज्या बसमध्ये बसल्या त्या शोधून काढायच्या आहेत, आणि मी त्या कामात त्यांना मदत करतेय. काल पहिल्या बसच्या खिडक्या काढल्या. रबर सोडवून काच बाहेर घेताना ड्रायव्हर सारखा विचारत होता, "अहो, मार्क तर बरोबर आहे ना? मग का काढताय?" मी त्याला सांगितलं, "खोटा आहे." आपल्या मार्कबद्दल असं मी म्हणाले, मामा.

कारखान्यातली माणसं घरी बसतील, हे तुमचं खरं झालं. भट्टीवाले काका काल भेटले, माझ्याशी बोलले नाहीत. ते ओझं माझ्यावर आहे आणि मी ते नाकारत नाही. पण ते माझ्यावर टाकलं कोणी, हे तुम्ही एकदा स्वतःला विचारा.

मामीला विचारलं, मामांना काही लिहू का. म्हणाली, "खोकल्याचं औषध संपलं असेल, आणा म्हणून लिही." थोड्या वेळाने म्हणाली, "नको. खोड ते." मी खोडलं नाही. पण तो तिचा निरोप आहे असं समजून तिला न्यायला येऊ नका. ती येणार नाही.

दवाखान्यात मात्र जा. त्या बाईला भेटा. ती वॉर्डात दाराजवळच्या खाटेवर आहे.

तुमची भाची

(हे नातं मला आईकडून आलंय. ते मोडणं तुमच्या हातात नाही आणि माझ्याही नाही, म्हणून तेवढं लिहिलं.)