पाहिलेच पाहिजेत असे सिनेमे (कंसांसह)

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार, म्हणजे कंबर परवानगी देईल तितकाच वाकून. इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत. तुझा गुडघा, भावोजींचा खोकला आणि तुमच्या इमारतीची लिफ्ट यांपैकी सध्या काय काय चालू आहे ते सविस्तर कळव. अक्षर बघून दचकू नकोस. माझं उजवं मनगट लचकलंय, म्हणून मी सांगतोय आणि तुझी भावजय लिहून घेतेय. (मनगट ठणठणीत आहे. काल बरणीचं घट्ट बसलेलं झाकण यांनीच उघडलं. वन्सं, कंसात जे जे येईल ते माझं समजा. हे सांगत नाहीत, मी आपली मध्येच घालतेय. वाचून दाखवताना गाळीन.)

सलग तिसऱ्या पत्रात तू तेच विचारलंयस, डोळे दाखवलेस का म्हणून. ताई, बत्तीस वर्षं मी चष्म्याचं दुकान चालवतोय. अख्ख्या पेठेच्या नाकांवर माझ्या हातच्या काचा आहेत. मी कुणाला डोळे दाखवायचे? गेल्या महिन्यात दुकानातल्या तक्त्यापुढे स्वतः बसलो आणि शेवटच्या बारीक ओळीपर्यंत घडाघडा वाचून काढलं, एकदाही अडखळलो नाही. (तक्ता बत्तीस वर्षं तोच आहे. दिवा घालवला तरी वाचतात.) तेव्हा तो विषय बंद. तू मूळ विचारलं होतंस ते सिनेमांचं. आमच्याकडचा महोत्सव परवा संपला, तो एकवीस तारखेपासून तुमच्याकडे येतोय, तू वर्षभर त्याची वाट बघतेयस, आणि इमारतीतल्या सात जणी माझ्या शिफारशीवर तिकिटं काढणार आहेत. जबाबदारी मोठी आहे, म्हणून पाचही दिवस गळ्यात पास अडकवून मी इमानेइतबारे सिनेमे बघितले.

पहिल्या दिवशीचा सिनेमा अजिबात चुकवू नका. कुठल्याशा थंड डोंगराळ देशातला आहे. सगळीकडे धुकंच धुकं, आणि त्या धुक्यातून मेंढरांचा एक कळप सावकाश चाललेला. सव्वादोन तास दुसरं काही घडत नाही, पण त्या चालण्यात काय कारुण्य आहे म्हणून सांगू! एक मेंढरू मागे राहतं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (वाळवंट होतं हो. कडक ऊन. आणि ते उंट होते.) सात जणींना सांग, स्वेटर घेऊन बसा, बघतानाच गारठायला होतं.

आता सबटायटल्सबद्दल माझं मत ऐक, कारण तुम्ही सगळ्या त्यात अडकून पडाल. पडद्याच्या तळाशी अक्षरं येतात, लोक माना खाली घालून ती वाचत बसतात आणि वर माणसं जगतात-मरतात ती बघायची राहून जातात. मी ठरवलं, खालचं एक अक्षर वाचायचं नाही. सिनेमा चेहऱ्यावर वाचायचा. दुसऱ्या दिवशी सुरुवातीला ही शेजारी बसून कानात सांगत होती, पण हिचं सांगणं तुला ठाऊक आहे. पडद्यावरचा म्हातारा पाच मिनिटं हुंदके देत बोलला आणि हिने मला सांगितलं, 'नाही म्हणतोय.' (पाच मिनिटं नाहीच म्हणत होता.) शेवटी मी हिला गप्प केलं. त्यानंतर दुसरा उत्तम सिनेमा पाहिला, बाप आणि मुलीचा. दोघांचं एकमेकांवर इतकं प्रेम, की शब्दांची गरजच पडत नाही. बाप जेवायला बसतो, मुलगी वाढते, तो हळूच तिच्या डोक्यावरून हात फिरवतो. तुझी आणि आपल्या आप्पांची फार आठवण झाली. (वन्सं, नवराबायको होती ती. घटस्फोट घेत होती. आणि हात फिरवला नाही, ताट भिरकावलं, ते तिच्या डोक्यावरून गेलं.)

तिसऱ्या दिवशी मात्र माझा संयम सुटला. मोठ्या हॉलमध्ये बक्षीस मिळालेला सिनेमा, जागा मधोमध, आणि चित्र अस्पष्ट! दोन दिवस मी कलेच्या नावाखाली सोसलं, पण धंद्याचा माणूस किती सोसणार? काच जागेवर नाही हे मला झोपेतही कळतं. उठलो, अकरा जणांच्या पायांवरून बाहेर आलो (चौदा. एका बाईंच्या मांडीवर बसलेसुद्धा, खुर्ची समजून) आणि जिना चढून थेट मशीनच्या खोलीत. आत ऑपरेटर खुर्चीवर बसलेला, नाकावर चष्मा. मी त्याला फोकसबद्दल चार शब्द सुनावले. तो उठला, माझ्या पायाला हात लावला आणि म्हणाला, 'साहेब, ओळखलं नाही का? चार वर्षं तुम्ही दिलेल्या नंबरातूनच बघतोय. पडदा लख्ख आहे.'

ताई, आता तूच माझी पंचाईत बघ. पडदा लख्ख असेल, तर दोष माझ्या डोळ्यांत. माझे डोळे चांगले असतील, तर मी दिलेला नंबर चुकीचा, आणि ऑपरेटरचा चुकीचा तर अख्ख्या पेठेचा चुकीचा. मी तिथे मशीनच्या घरघरीत उभ्याउभ्या विचार केला आणि मन घट्ट करून धंद्यालाच दोष दिला. म्हटलं, काढा चष्मा, दुकानात नेऊन तपासतो, अर्ध्या तासात परत आणतो. बिचाऱ्याने काढून दिला. दुकान दोनच गल्ल्या पलीकडे आहे. नेला, यंत्रावर ठेवला, आकडे हिच्याकडून वाचून घेतले (आकडे बारीक छापतात हल्ली, असं म्हणाले) आणि वहीतल्या जुन्या नोंदीशी ताडून पाहिले. पाव नंबरचाही फरक नव्हता. एवढं चोख काम बघून अभिमान वाटायला हवा होता. वाटला नाही.

परत येईपर्यंत पुढचा सिनेमा सुरू झाला होता. चष्मा मध्यंतरात देऊ म्हणून मी आधी जागेवर बसलो. बोटीवरच्या स्वयंपाक्याची काहीतरी गोष्ट होती. पाचच मिनिटांत हॉलमध्ये शिट्ट्या, पाय आपटणं, फोकस, फोकस असा आरडाओरडा. पुढची सबंध रांग उभी राहून मागच्या खिडकीकडे हातवारे करू लागली. मला कळेना, लोकांना झालंय काय. मला तर चित्र इतर सिनेमांसारखंच दिसत होतं, उलट जरा बरंच वाटलं. मी शेजारच्या गृहस्थांना शांतपणे सांगितलंही, की महोत्सवाला यायचं तर थोडी रसिकता हवी. मग हिने माझ्या शर्टाच्या खिशाकडे बोट दाखवलं. ऑपरेटरचा चष्मा माझ्या खिशात होता. तो वर बिनचष्म्याचा बसून अंदाजाने काच फिरवत होता, आणि तीनशे माणसांत त्याला जे दिसत होतं ते फक्त मला पटत होतं.

चष्मा मी स्वतः जाऊन परत केला आणि माफी मागितली. (मी केला. हे खुर्चीत बसून राहिले होते.) बाहेर आल्यावर हिने फाटकापाशी माझा उजवा डोळा तळहाताने झाकला आणि विचारलं, किती बोटं? मी म्हटलं, तीन. बरोबरच असणार. (बोटं नव्हती. महोत्सवाची पुस्तिका धरली होती.)

आता ही मला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन जाणार आहे, पण ते आपलं नुसतं ओळखीसाठी. एका धंद्यातली माणसं, भेटीगाठी असाव्यात. (भेट झाली. मोतीबिंदू, दोन्ही. डावा पूर्ण पिकलाय. ऑपरेशन बावीस तारखेला सकाळी नऊला. डॉक्टरीणबाईंनी वेगळा तक्ता लावला तर म्हणाले, हा तक्ता चुकीचा आहे.) तू काही ऐकलंस, कुणी काही कळवलं, तर मनावर घेऊ नकोस. मुख्य म्हणजे महोत्सव सोडून इकडे यायचा विचारही करू नकोस. वर्षातून एकदा येतो तो. सात जणी तुझ्या भरवशावर आहेत. मी मजेत आहे.

भावोजींना नमस्कार, आणि तुझ्या गुडघ्यालाही, कारण मला शाळेत तोच सोडायला येत होता.

तुझा,
धाकटा

ता.क. यादी थोडक्यात पुन्हा देतो: मेंढरांचा बघाच, बापलेकीचा रुमाल घेऊन बघा, बोटीवरचा माझ्या मते ठीक.

ता.क. दुसरा, भावजयीकडून. वन्सं, हे आंघोळीला गेलेत म्हणून कंस न घालता लिहिते. तुमचा पास बावीसलाही आहे, मला माहीत आहे, म्हणून मागायला जीव धजत नाही. पण परवापासून हे दुकानात जात नाहीत. गिऱ्हाईक घरी आलं की मला पुढे करतात. ऑपरेशनला नाही म्हणत नाहीत, फक्त तीन वेळा विचारून झालं की डोळ्यावर फडकं टाकल्यावर पूर्ण अंधार होतो का. लहानपणी पहिल्यांदा सिनेमाला नेलंत तेव्हा दिवे गेल्यावर यांनी तुमच्या फ्रॉकचं टोक मुठीत धरलं आणि मध्यंतरापर्यंत सोडलं नाही, असं तुम्हीच मला सांगितलं होतंत. मी बरोबर आहेच. पण मी पडले बायको, माझ्यापुढे शूर असतात. पत्र उद्या टपालात टाकते.

ता.क. तिसरा. ताई, हे वेडंवाकडं अक्षर माझं आहे. मनगटाला काही झालेलं नाही. टपालाचं तिकीट आणायचं राहिलं म्हणून हे पत्र दोन दिवस टेबलावर पडून होतं. दुकानातलं सर्वांत मोठं भिंग आणलं आणि दोन दुपारी खर्चून सगळं वाचलं, कंसांसकट. हिने ते गाळून वाचलं होतं, तेव्हाच मला संशय आला होता, कारण मी सांगितलं त्याच्या दुप्पट वेळ ही लिहीत होती. कंसातलं सगळं खरं आहे. फक्त त्या बाईंच्या मांडीवर मी बसलो नाही, टेकलो.

बावीसला ये. पास वाया गेला तर जाऊ दे. साडी नेसून ये, मला धरायला बरं. आणि सात जणींना सांग, वरची यादी रद्द समजा. त्यातला एकही सिनेमा मी अजून बघितलेला नाही.