शून्याकडे झेप

३ सप्टेंबर, सकाळी

ठरलं. बिझनेस स्कूलची एन्ट्रन्स द्यायची.

कारण लिहून ठेवतो, पुढे लोक विचारतील. काल आमच्या लॉन्ड्रीत एक निळा ब्लेझर आला. खिशावर बिझनेस स्कूलचा बिल्ला, सोनेरी दोऱ्याचा. मी इस्त्री केली. मग कॉलर नीट बसतेय का ते बघायला अंगात घातला. कॉलर नीट बसली. मीही नीट बसलो. बाह्या लांब होत्या, पण ती ब्लेझरची चूक नाही. मी अजून वाढतोय.

३ सप्टेंबर, जेवणानंतर

मामा हॉस्पिटलच्या बाजूला दुसरं दुकान घेतोय. म्हणाला, तिथल्या काउंटरवर घरचं माणूस हवं, तू बस. काउंटर म्हणजे गिऱ्हाईक. गिऱ्हाईक म्हणजे दोन डोळे, आणि ते दोन्ही माझ्याकडे.

मी सांगितलं, मला एन्ट्रन्स आहे. म्हणजे ताईच्या कानात सांगितलं, ताईने मामाला सांगितलं. मामा म्हणाला, एन्ट्रन्स तुझी आहे ना गं? हा तर नववीतून घरी बसलाय. (शाळा मी सोडली, शाळेने मला नाही. उभं राहून मोठ्याने धडा वाचायला लावायचे. जगात कुठला मॅनेजर उभा राहून धडा वाचतो?) आई म्हणाली, असू दे रे दादा, पोरगं स्वतःहून काहीतरी म्हणतंय हेच खूप झालं.

शेवटी मामाने निकाल दिला. दोघंही द्या परीक्षा. जो राहील तो काउंटरवर.

ताईचं कॉलेजचं शेवटचं वर्ष आहे. ती वर्षभर अभ्यास करतेय. तरी पण आम्ही दोघंही पास झालो तर मामाचं कसं होणार, ही काळजी लागून राहिली.

५ सप्टेंबर

टाइमटेबल केलं. पहाटे पाच ते सात गणित. सात ते आठ इंग्रजी. मग दुकान. मधल्या वेळात लॉजिक. चार रंगांची पेनं वापरली. फार सुंदर झालंय. ताई म्हणाली, एवढ्या वेळात एक चॅप्टर झाला असता. तिच्याकडे प्लॅनिंग नाही.

६ सप्टेंबर

पाचला उठलो. टाइमटेबल बघितलं. सगळं टाइमटेबलप्रमाणे चाललंय याची खात्री झाली. झोपलो.

११ सप्टेंबर

ताईकडून कळलं की या परीक्षेला पदवी लागते. पदवीला बारावी लागते. बारावीला दहावी. हे सगळं खालून वर का करायचं कळत नाही. आमच्याकडे शर्टाची इस्त्री आधी कॉलरपासून, म्हणजे वरून खाली. मी आधी एन्ट्रन्सचा अभ्यास करणार, बाकीचं मागून. अवघड काम आधी उरकलेलं बरं.

मामाला हे आत्ताच सांगायची गरज नाही. त्याला उगाच टेन्शन.

२२ सप्टेंबर

व्होकॅब्युलरीसाठी नवी युक्ती. रोजचे दहा इंग्रजी शब्द चिठ्ठीवर लिहायचे आणि इस्त्रीच्या टेबलावरच्या कापडावर समोर ठेवायचे. हात चालू, डोकं चालू. स्टीमकाका (हे आमचे जुने कारागीर, वाफेची प्रेस त्यांच्याशिवाय कुणाचं ऐकत नाही) म्हणाले, शाळेत असं केलं असतंस तर मी आज तुला साहेब म्हणालो असतो.

२३ सप्टेंबर

चिठ्ठी एका पांढऱ्या शर्टाखाली सरकली. वरून वाफ, वरून गरम इस्त्री. शर्टाच्या पाठीवर दहाच्या दहा शब्द उमटले. उलटे. जेल पेन वापरायला नको होतं.

मामा ओरडला. मग शर्ट उन्हात धरून वाचायचा प्रयत्न करत होता, तेव्हा जरा शांत झाला. स्टीमकाकांनी लिंबू, मीठ, स्पिरिट सगळं लावून बघितलं. नऊ शब्द गेले. एक जात नाही.

तो एक शब्द मात्र मला आता कायमचा पाठ झालाय. म्हणजे पद्धत बरोबर आहे.

९ ऑक्टोबर

लेखी परीक्षेनंतर ग्रुप डिस्कशन असतं. सहा-सात अनोळखी लोक गोल बसवतात आणि बोलायला सांगतात. कुणाच्या डोक्यातून आलं असेल हे.

प्रॅक्टिस म्हणून मागच्या खोलीत दांडीवर सात कोट ओळीने लावले आणि मधे उभा राहिलो. विषय: वाढती स्पर्धा. पहिली पाच मिनिटं कुणीच बोललं नाही. मी पण नाही. वातावरण खेळीमेळीचं होतं. करड्या कोटाकडे बघून घसा खाकरणार, एवढ्यात पडदा सरकला आणि एक बाई थेट आत आल्या. मिस्टरांचा कोट शोधत होत्या. मी हललो नाही. त्या एकेक कोट चाचपत आल्या, माझी बाही दोन बोटांनी चुरगाळून बघितली आणि म्हणाल्या, हा आमचा नाही, हा फार साधा आहे.

त्या गेल्यावर स्टीमकाका अर्धा तास प्रेसवर डोकं टेकून हसत होते.

एकूण, ग्रुपमध्ये मी सहज मिसळतो.

१७ ऑक्टोबर

मामा चहाला गेला आणि पाच मिनिटं बस म्हणाला. एक आजोबा आले. शाल पुढे करून विचारलं, हा डाग जाईल का रे बाळा? उत्तर मला येत होतं. चहाचा डाग, दोन दिवसांचा, जाईल. पण तोंडातून आवाज निघेना. मी मान हलवली. हो आणि नाहीच्या मधली. आजोबांनी शाल परत घेतली आणि मला पाणी दिलं. त्यांच्या पिशवीतल्या बाटलीतलं.

मामाने परत येऊन शाल घेतली आणि पावती स्वतःच लिहिली. ते जास्त लागलं.

उद्यापासून अभ्यास दुप्पट. पाचऐवजी साडेचारला उठून झोपणार नाही.

२६ ऑक्टोबर

पहिली मॉक टेस्ट. ताईसोबत तिच्याच खोलीत बसलो. मी सगळेच्या सगळे प्रश्न सोडवले. ताईने बरेच सोडले. मनातल्या मनात वाईट वाटलं तिच्यासाठी.

मग तिने माझा पेपर तपासला. तपासताना दोनदा पाणी प्यायली. या परीक्षेत चुकीच्या उत्तराचे मार्क कापतात, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. (ताई म्हणते तिने चार वेळा सांगितलं.)

मला उणे अकरा पडले.

ताई म्हणाली, अरे वेड्या, कोरा पेपर दिला असतास तर स्वतःच्याच अकरा मार्क पुढे असतास. म्हणजे सध्या कोरा पेपर माझ्या पुढे आहे. ठीक आहे. स्पर्धा म्हटली की कुणीतरी पुढे असणारच.

२८ ऑक्टोबर

कोऱ्या पेपरचा नीट विचार केला. त्याची स्ट्रॅटेजी काय? तो काही बोलत नाही. शांत राहतो. हे तर मला जन्मापासून येतं.

नवी स्ट्रॅटेजी: कमी सोडवणे.

९ नोव्हेंबर

दुसरी मॉक. उणे चार. चार ठिकाणी मोह आवरला नाही. पण उणे अकरावरून उणे चार! या वेगाने मी महिनाअखेर शून्यावर पोचतो. ताईची प्रगती फार सावकाश आहे, दर वेळी दोन-तीन मार्क.

मामाला विचारलं (ताईमार्फत) की पेपर कसा गेला ते सांगू का. मामा म्हणाला, आकडा नको, तोंड बघून कळतंय.

१५ नोव्हेंबर

ताई रडली. गणिताचा एक भाग वेळेत होत नाही म्हणून. म्हणाली, मीच बसते काउंटरवर, संपवून टाकते एकदाचं.

मी तिला म्हटलं, असं कसं. घड्याळ माझ्याकडे दे. आता मी रोज संध्याकाळी घड्याळ घेऊन समोर बसतो. वेळ संपली की टेबलावर टिचकी मारतो. तिने कुठे वेळ घालवला तेही सांगतो. तिच्याशी बोलताना माझा आवाज चालतो, हे एक बरं आहे. माझा अभ्यास यात थोडा मागे पडला. पण मला शून्यच गाठायचंय, ते अभ्यास न करता पण जमेल.

३० नोव्हेंबर, परीक्षेचा दिवस

सगळं सविस्तर लिहितो, कारण आजचा दिवस वाया गेला.

बेत असा होता. ताई आत पेपर देणार. मी समोरच्या कठड्यावर बसून त्याच वेळी जुना पेपर सोडवणार. कारण परीक्षेचं वातावरण बाहेरून पण तेच असतं.

सकाळी गेटपाशी ही गर्दी. थंडीमुळे सगळे जॅकेट घालून आलेले, पाठीला बॅगा. वॉचमन म्हणाला, आत फक्त माणूस जाईल. जॅकेट नाही, बॅग नाही, घड्याळ नाही. ठेवायला जागा? ते आमचं काम नाही. मुलं रडकुंडीला आली. ताईने आपली बॅग आणि जॅकेट माझ्या अंगावर टाकलं आणि पळाली. शेजारच्या मुलीने बघितलं. ती म्हणाली, दादा, माझं पण ठेवता का?

दादा! मी तिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान असेन.

नाही म्हणायला तोंड उघडावं लागलं असतं. म्हणून घेतलं. खिशात कपड्यांना लावायच्या नंबरांच्या टॅगची गड्डी होतीच, आमच्याकडे कामाला असलेल्या प्रत्येकाच्या खिशात असते, पिनांसकट. एक टॅग तिच्या बॅगेला, त्याच नंबरचा दुसरा जॅकेटला, आणि नंबर तिला दाखवला. तिने मान हलवली. एक शब्द बोलावा लागला नाही. तिच्या मागे एक मुलगा. त्याच्या मागे दहा. मग रांगच लागली. नंबर लक्षात ठेवा असं पण सांगावं लागलं नाही, ही मुलं वर्षभर आकडेच पाठ करतायत.

कठडा भरला. मग दोरी मागितली. कुणाला? समोरच्या पंक्चरवाल्याला. खुणेने. दोन झाडांना बांधून जॅकेट लटकवले, रंगाप्रमाणे नाही, नंबराप्रमाणे, आमच्या दुकानात असतात तसे. बाहेर थांबलेल्या एका वडिलांनी विचारलं, तुम्ही परीक्षेवाल्यांकडून का? मी मान हलवली, हो आणि नाहीच्या मधली. त्यांनी लगेच बाकीच्या पालकांना रांग धरायला लावली.

पेपर सुटल्यावर सगळं परत दिलं. तिघांना स्वतःचा नंबर आठवेना. पेपर अवघड होता म्हणायचा. एक पिशवी पण इकडची तिकडे झाली नाही.

पण माझा पेपर? उघडला पण नाही. एवढी तयारी, आणि लोकांनी सुचू दिलं नाही.

आत्ता लक्षात आलं. काहीच सोडवलं नाही म्हणजे शून्य! गाठलं!

२ डिसेंबर

मामा म्हणाला, झाली ना परीक्षा? मी (ताईमार्फत) कळवलं की परीक्षा म्हणजे निकाल धरून. मामाने कपाळाला हात लावला. नंतर म्हणाला, बरं, निकाल धरून.

१० जानेवारी

ताईला चांगले मार्क पडले. इंटरव्ह्यूला बोलावलंय. आईने तिला जवळ घेतलं, मग मला पण घेतलं, सवयीने.

परीक्षा म्हणजे इंटरव्ह्यू धरून, असं मी कळवलं.

२० फेब्रुवारी

नवीन दुकान सुरू झालं. मामा एकटाच दोन्हीकडे स्कूटरवर धावतो. जेवायला एका दुकानात बसतो आणि दुसऱ्यात संपवतो. गुडघा धरून उतरतो. स्टीमकाकांनी आज माझ्या वाट्याचे शर्ट पण स्वतःकडे ओढून घेतले आणि म्हणाले, तू अभ्यास कर.

कसला अभ्यास, हे मला पटकन आठवेना.

२७ फेब्रुवारी

ताईच्या इंटरव्ह्यूचे कपडे मी केले. अशी क्रीझ आली की तिच्यावर बोट कापलं असतं. ताई म्हणाली, भीती वाटतेय रे. मी म्हटलं, त्यांना कोट समज.

११ एप्रिल

ताईला अ‍ॅडमिशन मिळाली!!

आणि खरी बातमी पुढे आहे. इंटरव्ह्यूत तिला विचारलं होतं, हाताशी काही नसताना अडचण सोडवल्याचं उदाहरण सांगा. तिने माझ्या टॅगांची गोष्ट सांगितली. दोरी, झाडं, रांग, सगळं. माझा भाऊ, असं सांगून. तिघंही परीक्षक पुढे सरकून ऐकत होते म्हणे. एक जण म्हणाले, त्याला का नाही आणलंत?

म्हणजे इंटरव्ह्यू राऊंड मी पास झालोय. फक्त तिथे बसायला ताई गेली होती.

तसाच मामाकडे गेलो. ताई मधे नव्हती. सगळं सांगितलं, पहिल्या बॅगेपासून. गर्दी वाढल्यावर काय केलं, नंबर का, रंग का नाही, एकाच वेळी पन्नास जण आले तर कसे उभे करायचे. किती वेळ बोललो माहीत नाही. थांबलो तेव्हा स्टीमकाकांनी प्रेस बंद केलेली होती.

मामा म्हणाला, म्हणजे तू मॅनेजर झालास. मी म्हटलं, तसंच म्हणायचं.

मामा म्हणाला, वा. मला नवीन दुकानाला मॅनेजर हवाच होता. सोमवारी आठ वाजता ये. किल्ली माझ्या हातात ठेवली आणि पहिल्यांदाच पूर्ण ताट एका जागी बसून जेवला.

मी कुठे चुकलो ते शोधतोय.

१३ एप्रिल, सोमवार, सकाळी

काउंटरवर. हे फक्त फील्डवर्क आहे. दहावीचा फॉर्म सुटेपर्यंत.

१३ एप्रिल, थोड्या वेळाने

पहिलं गिऱ्हाईक आलं. हॉस्पिटलातल्या नर्सबाई, हातात गणवेशांचा गठ्ठा. विचारलं, मालक आहेत का?

तोंडात आलं ते म्हटलं, परीक्षेला गेलेत.

त्या म्हणाल्या, या वयात? मग तू कोण?

मी म्हटलं, मॅनेजर. आवाज आला. दोघांनाही ऐकू आला. त्यांनी गठ्ठा ठेवला आणि विचारलं, कधी मिळेल? डोळ्याला डोळा भिडवून, एका दमात, एकदम खणखणीत सांगितलं: उद्या सकाळी, नक्की. बाई खूश होऊन गेल्या.

मंगळवारी आपलं दुकान बंद असतं.