कोऱ्या रक्ताचा ठिपका

५ फेब्रुवारी १९९६

हिलालच्या रक्ताची बाटली आज लॅबमध्ये आली. कतारगामचा लूमवाला, यंत्रमागावरचा कामगार. बायकोला लोखंडी दांड्यानं मारून टाकलं, तेही पोरीच्या डोळ्यांदेखत. पोलीस म्हणतात, ब्राउन शुगर घेतलेला होता. असल्यांना कोर्टकचेरी कशाला? त्याच दांड्यानं ठोकायला पाहिजे!

कोऱ्या रक्ताची पाळी या वेळी माझी. काचेच्या पट्टीवर तीन ठिपके लावायचे – एक खऱ्या नशेच्या औषधाचा, दुसरा आरोपीच्या रक्ताच्या अर्काचा, तिसरा आमच्यापैकी कुणाच्या तरी स्वच्छ रक्ताचा. तिसऱ्या जागी काही उमटलं नाही, तरच दुसरा खरा मानायचा. पण स्वतःच्या हातात सुई शिरली की मला घेरी येते. आणि दुसऱ्यांचं रक्त दिवसभर ढवळत बसतो मी! म्हणून घरी ललितचं काढलं. धाकटा भाऊ, बावीसचा, सुपारीचं खांडही तोंडात टाकत नाही. उजव्या मनगटावर 'माय' गोंदलेलं, म्हणून हसत डावा हात पुढे केला. दोनदा टोचावं लागलं. रजिस्टरात मात्र माझंच नाव लिहिलं.

६ फेब्रुवारी

ठिपके लावायच्या बारीक काचनळ्या संपल्या. साहेब म्हणाले, "स्पिरिटमां धोई नाख, चालशे." एकच उरली होती, तीच धुऊन तिन्ही ठिपक्यांना वापरली.

७ फेब्रुवारी



दुपारी पट्टी द्रावणात उभी करून ठिपके वर चढू दिले, मग रंग उमटवणारा फवारा मारला. औषधाचा ठिपका जांभळा. हिलालचा जांभळा. आणि तिसराही! फिकट, पण त्याच उंचीवर. ललितचा!

कुणाला दिसायच्या आत पट्टी पुसली आणि "तिसरी जागा स्वच्छ" असं लिहून मोकळा झालो. सायकल मारत घरी आलो तर हा भिंतीला टेकून पेंगत बसलेला. डोळे लाल. म्हणे, लूमच्या खात्यात दोन दिवस डबल पाळी केली. मला तिथं हिलालच दिसला. कमरेचा पट्टा काढला. तो तोंड झाकून म्हणत होता, "भाऊ, मी काहीच नही लिधं." जितकं म्हणायचा तितका मला चेव यायचा. खोटारडा! केसांना धरून डोकं मोरीच्या कठड्यावर आपटलं. दोनदा की तीनदा, आठवत नाही. माय मध्ये पडली, तिलाही ढकललं.

"मारी टाकशी का त्याले?" ती म्हणाली.

मेला तर सुटेन, असं मी म्हणालो. म्हणालो खरा.

८ फेब्रुवारी

ललित पहाटेच पिशवी घेऊन गेला. जाऊ दे. माय मोरी घासत बसलीय.

९ फेब्रुवारी

दिवसभर ते फिकट जांभळं डोळ्यांपुढून हलेना. शेवटी तीच काचनळी औषधात बुडवली, तशीच स्पिरिटमध्ये धुतली आणि पट्टीवर नुसतं पाणी लावलं. नळाचं पाणी!

पाण्यालाही ठिपका आला.

तीन वेळा करून पाहिलं. तिन्ही वेळा आला. औषध नळीतच राहत होतं. साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, रिपोर्ट कालच गेला, आता तोंड उघडू नकोस. म्हणजे हिलालचंही खरं-खोटं मला माहीत नाही.

आणि मी ललितला कशासाठी मारलं?

११ फेब्रुवारी

रविवार. शहराबाहेर सचिन गावाला जाऊन आलो. खात्यात कळलं, ललित तिथं छगनच्या खोलीवर उतरलाय – खात्यातला त्याचा दोस्त, आमच्याच पारोळ्याकडचा. पाय धरायचे असं ठरवूनच गेलो होतो. छगन म्हणाला, डोकं दुखतं म्हणून सारखा ओकत होता, परवा गोळी आणायला गेला तो परत आलाच नाही. "मला वाटलं तुमच्याकडे आला असेल," असंही म्हणाला. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. दवाखाने पालथे घातले. पोलीस चौकीत म्हणाले, जवान पोरगा आहे, येईल. मायला सांगितलं की भेटला, बरा आहे. तिनं आज त्याच्यासाठी कळण्याच्या भाकरी बांधून दिल्या होत्या. तशाच लपवून परत आणल्या.

१३ फेब्रुवारी

सीलबंद बाटली आली. सोबतचा कागद मलाच वाचायला दिला. अनोळखी पुरुष, वय अंदाजे बावीस, सचिनच्या रस्त्याकडेला मिळाला. उजव्या मनगटावर 'माय' असं गोंदलेलं. डोक्याला आतून मार, तीन-चार दिवसांपूर्वीचा. डाव्या हातावर सुई टोचल्याच्या दोन खुणा, म्हणून नशेचा संशय. रक्त तपासावे.

साहेबांनी विचारलं, कोरं रक्त कुणाचं घ्यायचं?

मी बाही वर केली. घेरी आली नाही.