अर्ध्या सुराचा शोध

६ जानेवारी १९९७, सोमवार
ठरलं! १९ तारखेच्या रविवारी श्रवण मंडळात माझं व्याख्यान. विषय मीच सुचवला : युरोपातले तीनशे वर्षांपूर्वीचे बरोक कॉन्चेर्टो, म्हणजे वाद्यवृंदाच्या रचना, जुन्या वाद्यांवर आणि आजच्या वाद्यांवर. अध्यक्ष जयसिंगराव म्हणाले, नीट झालं तर कमिटीवर घेऊ. बारा वर्षं सतरंज्या घालतोय मी तिथे. प्रतापनगरला आमच्या वर्कशॉपात सगळ्यांना सांगून टाकलं. आता माघार नाही.

मटेरियल तयार आहे. लेकीने, मोहनाने, जर्मनीहून कॅसेट पाठवली आहे. तेच कॉन्चेर्टो दोनदा. ए बाजूला आजचा ऑर्केस्ट्रा, बी बाजूला त्या काळची वाद्यं, आतड्याच्या तारांची व्हायोलिनं वगैरे. रोज पहाटे पाचला ऐकायचं.

७ जानेवारी
पावणेआठला उठलो. थंडी फार आहे.

९ जानेवारी
संकट. बी बाजू उतरलेली वाटते. निरुपमाच्या पेटीवर ताडून पाहिलं. ए बाजू तंतोतंत. बी बाजू चक्क अर्धा सूर खाली! म्हणजे माझा कॅसेट डेक हळू फिरतोय. निरुपमा गाण्याचे क्लास घेते, त्यामुळे तिला मत असतंच. म्हणाली, अहो, डेक हळू असता तर ए बाजूही उतरली नसती का? आपल्याकडे गाणाऱ्याप्रमाणे पट्टी बदलते, त्यांच्याकडेही तेव्हा वेगळी असेल. मी म्हटलं, बाईसाहेब, त्यांच्याकडे सगळं शास्त्रशुद्ध असतं. मग म्हणे मोहनाला फोन करून विचारा. बापानं मुलीला विचारायचं? हट्!

१३ जानेवारी
घडियाळी पोळ गल्लीतला रिपेअरवाला म्हणतो, साहेब, उत्तरायण पछी आवजो, म्हणजे संक्रांतीनंतर या. ह्या गावाला पतंगापुढे काही दिसत नाही. सहा दिवस उरले.

१४ जानेवारी, दुपारी ३
अख्खी सोसायटी गच्चीवर पतंग कापून 'काप्यो छे' म्हणून बोंबलत होती. मी खाली एकटा, हातात स्क्रूड्रायव्हर. डेकच्या मोटरला मागे वेग ठरवणारा एक बारीक स्क्रू असतो. फिरवला. बी बाजू पेटीशी जुळली! डोळ्यांत पाणी आलं.

रात्री ९
मोठा शोध. जुन्या वाद्यांवर वादन जास्त वेगवान आणि तेजस्वी होतं. कसली धावतात व्हायोलिनं! चौदा पानं लिहिली.

१६ जानेवारी
आज ए बाजू लावली. ऐकवत नाही. व्हायोलिनं डासांसारखी. आठ दिवसांपूर्वी ही बरी कशी वाटली? कान तयार झाले, दुसरं काय. नवा मुद्दा : आधुनिक वाद्यं कर्कश असतात. एकूण एकोणीस पानं.

पेटीवर पुन्हा ताडलं नाही. गरज नाही.

१८ जानेवारी
ताडलं. ए बाजू अर्धा सूर वर.

जेवण गेलं नाही. स्क्रू उलटा फिरवायला गेलो तर त्याची खाचच झिजली, फिरेना. निरुपमा म्हणाली, उद्या सरळ सांगून टाका, चूक झाली म्हणून. काय सांगू? एकोणीस पानं खोटी? देवा, उद्या ताप तरी येऊ दे. मग विचार केला, मंडळात पेटी घेऊन कोण बसतंय? रेटायचं.

१९ जानेवारी, रविवार, संध्याकाळ
ताप आला नाही.

मंडळाचा प्लेअर बाजूला ठेवून माझा डेक लावला. पाऊण तास बोललो. टाळ्या पडल्या! जयसिंगरावांनी पाठ थोपटली, म्हणाले, छुपे रुस्तम आहात. वाटलं, सुटलो.

पण मंडळाचा रिवाज असा की शेवटी संस्थापक कै. सुभानरावांची भैरवी लावायची. एकच टेप आहे. सगळे डोळे मिटून बसतात. कोणीतरी ती माझ्याच डेकमध्ये घातली. मला ओरडायचं होतं. तोंड उघडलंच नाही.

सुभानरावांचा तो भारदस्त आवाज पातळ झाला, आणि घाईत. जणू त्यांना गाडी गाठायची होती. पुढच्या रांगेत त्यांच्या पत्नी मंदाताई. डोळे उघडून म्हणाल्या, हे आमचे नव्हेत. आणि उठून गेल्या. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, व्होल्टेज. जयसिंगराव मंदाताईंच्या मागोमाग बाहेर गेले.

२० जानेवारी
निरुपमाने मोहनाला फोन केला. ती म्हणाली, ती लोकं जुनी वाद्यं मुद्दामच अर्धा सूर खाली लावतात, ज्या सीडीवरून मी कॅसेट भरली तिच्या कव्हरवरच लिहिलंय. बाबांनी विचारलं का नाही?

मंदाताईंना पत्र लिहायला बसलो. पहिल्यात दोष व्होल्टेजचा. दुसऱ्यात रिपेअरवाल्याचा. तिसऱ्यात उत्तरायणाचा. चौथ्यात तिघांचाही. सगळी फाडली. पाचवं एका ओळीचं झालं : स्क्रू मी फिरवला, आणि मला कळलं होतं.

माझ्या डेकमध्येच राहिलेली भैरवीची टेप घेतली आणि दोन्ही हातानं नेऊन दिलं. मंदाताईंनी दारातच वाचलं. विचारलं, टेप बिघडली का? एकच आहे हो. मी म्हटलं, नाही, टेप शाबूत आहे. त्या आत गेल्या, त्यांच्या लहानशा प्लेअरवर लावली. दारातून मला ऐकू आलं. सुभानरावच होते.

भैरवी संपेपर्यंत तिथेच उभा होतो. मग कांचन, त्यांची सून, बाहेर आली आणि म्हणाली, आई रडतायत, तुम्ही आता निघा. चहाचं कोणी विचारलं नाही.