मल्लिनाथच्या फोटोला हार

३ फेब्रुवारी, मंगळवार

मायानं आज घराची शाळा केली! नात मास्तरीण व्हायलीय – डी.एड.चं शेवटचं वर्स. परवा सातवीच्या पोरांफुडं तिचा पाठ हाय, 'इंटरनेटचा जबाबदार वापर'. म्हनून मी अन् माझी बायकू भामाबाई बाजंवर बसलो इद्यार्थी होऊन. भितीवर चार तक्ते. पंधरा मिनिटं झाली तरी प्रस्तावनाच चालू.

मी म्हनलं, "खरं का खोटं बघा, मंग फुडं ढकला. झालं! सुट्टी."

"आबा, पाठाला पायऱ्या असत्यात."

"पायऱ्या जिन्याला असत्यात."

तवर भामाबाई घोरायली. माया म्हनली, वर्गात असं झालं तर मॅडम मार्क कापत्याल.

४ फेब्रुवारी

सकाळी आमच्या रेल्वेच्या रिटायर गँगमनांच्या ग्रुपवर मल्लिनाथचा फोटो. फोटोला हार, बाजूला समई, खाली बारीक अक्षरं. चष्मा सापडंना. चष्मा कशाला पायजे? हार दिसला की कळतंय!

मल्लिनाथ म्हंजे आमचा मुकादम. बावीस वर्सं एका लायनीवर काम केलं. गेला!

सगळ्यात आधी मीच लिवलं – भावपूर्ण श्रद्धांजली. मंग बाकीच्यांनी. अजून तीन ग्रुपवर बी टाकलं.

मयताच्या घरी चूल पेटत न्हाई. भामाबाईनं वीस भाकरी थापल्या, डबाभर पिठलं. मी अन् खाजाभाई – आमच्याच गँगचा – धर्माबादची गाडी धरली. वाटंनं खाजाभाई सारखा म्हनायला, "क्या आदमी था."

गल्लीच्या तोंडालाच मी गळा काढला. रिवाजच हाय तसा.

"कोन, ग्यानोबा का? रडून कशाला राहिलास रे?"

मल्लिनाथ! दारात खुर्ची टाकून, नवी टोपी घालून, उन्हात बसलेला. मागं फुगे. पंच्याहत्तरावा वाढदिवस! सुनंनं, मनिषानं, हौसेनं फोटो सजवून टाकलेला.

खाजाभाई खालीच बसला. "या अल्ला, जिंदा है!"

मल्लिनाथ खोकला येईस्तोवर हसला. "आणलंस ते उघड. काय हाय?" मेलेल्या माणसानं चार भाकरी खाल्ल्या! संध्याकाळपस्तोर अजून नऊ जण आले. दोघं पार कंधारहून. एकानं झेंडूचा हार आणलेला, तो वाया कशाला घालवायचा म्हनून त्याच्याच गळ्यात घातला.

५ फेब्रुवारी

भामाबाईच्या पोटात काय ऱ्हात न्हाई. मायाला सगळं सांगितलं. पोरगी साडी नेसता नेसता हसायली, मंग एकदम म्हनली, "आबा, पाठात हेच उदाहरण घेऊ का?"

"माझं नाव घेतलंस तर ह्या घरात पाय ठिऊ नको."

तक्ते काखंत मारून गेली.

संध्याकाळी आली तं डोळे लाल. मॅडम म्हनल्या, उदाहरणं सगळी पुस्तकातली, पोरं जांभया देऊन राहिली. सोमवारी परत पाठ घे. तो बी पडला तर हे वर्स गेलं.

माझी गोष्ट सांगितली असती तर पास झाली असती. न्हाई सांगितली. शब्द पाळला पोरीनं. लई राग आला मला – कुनाचा ते कळंना.

८ फेब्रुवारी

जेवण गेलं न्हाई. भामाबाई म्हनली, "हसतील तर हसू द्या. तुमी काय कलेक्टर लागून गेलाव?"

९ फेब्रुवारी, सोमवार

गेलो शाळंत! मायाला म्हनलं, तक्ते घरी ठिव, मीच येतो.

उभा राहून सगळं सांगितलं. चष्मा, हार, भाकरी, झेंडू. पोरं बाक बडवायली. मॅडमनी तोंडाला रुमाल लावला.

माया पोरांना काय बी शिकवंना. नुसतं इचारलं, "आबांनी काय करायला पायजे होतं?"

इकरा नावाची पोरगी उठली. "फोन लावायचा."

मी म्हनलं, "मेलेल्याला फोन कोन लावतंय?"

"घरच्यांना लावायचा, आजोबा!"

बरोबर हाय तिचं. मंग मायानं एकेकाला उभं केलं – तुला असला मेसेज आला तर कुनाला इचारशील, नाव सांग. कुनी मामाचं सांगितलं, कुनी सरपंचाचं. एक बी जांभई न्हाई.

पाठ संपला. तीच इकरा मागं आली. "आजोबा, त्याच्या आधी तुमी त्यांना कधी भेटला होता?"

"रोजच की. ग्रुपवर. रोज शुभ सकाळ घालतोय त्यो."

"तसं न्हाई. खरं खरं."

बोटं मोजली. अकरा वर्सं.

माया पास. मॅडमनी 'उत्तम' लिवलं. घरी पेढे. मला पेढा गोड लागला न्हाई.

१५ फेब्रुवारी, रविवार

आधी फोन लावला, मंग एकटाच धर्माबादला गेलो. मल्लिनाथला दोन वर्सं झाली, दोन्ही डोळ्यांनी दिसत न्हाई. रोजची शुभ सकाळ मनिषा टाकीत होती, सासऱ्याचे सोबती तुटू नयेत म्हनून. त्या दिवशी आमी बावीस डोळे तिथं बसून हसलो, कुनाच्या ध्यानात आलं न्हाई.

माझा हात धरून म्हनला, "ग्यानोबा, आज कोन मेलं?"

"कुनी न्हाई. उगीच आलो."

"मंग बस की."