रात्रपाळीची कौलं

दि. ४ जानेवारी

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

पाकीट बघूनच मामीला म्हणाल की भिंगरीला काहीतरी हवं असणार. हवंच आहे, म्हणून फिरवून न बोलता सांगते.

डोंगराकडचं रान आणि नदीकडचं रान यांच्यामधून आपला मोठा रस्ता जातो. आता तो दुप्पट रुंद होणार आणि दोन्ही अंगांनी भिंती येणार. जनावरांना ये-जा करायला रस्त्याखालून एक वाट ठेवायचं ठरलं आहे. एकच. ती कुठे ठेवायची हे आमच्या वन्यजीव संस्थेने सांगायचं, आणि संस्थेने ते माझ्या गळ्यात घातलं आहे. जागा चुकली तर ती भिंत त्यांना कायमची आडवी येईल. गेल्या साली तुमच्या वळणावर अस्वलीण गाडीखाली गेली आणि तिचं पिल्लू दिवसभर तिच्यापाशी बसून होतं, ते तुम्हीच कळवलं होतंत. ते पत्र मी अजून ठेवलं आहे.

माझं मन सांगतं की ती वाट तुमच्या कौलांच्या कारखान्यातूनच जाते. मागच्या अंगणात सकाळी पावलं दिसली की तुम्ही म्हणायचा, रात्रपाळीवाले येऊन गेले. पण मनाचं सांगणं सुनावणीत चालत नाही, पुरावा लागतो. म्हणून वीस तारखेला मी दोन सहकाऱ्यांना घेऊन येते. अंगणात कॅमेरे बांधू, ते सहा आठवडे राहतील. सुनावणी २८ मार्चला आहे.

मामीला नमस्कार. माझ्यासाठी खाण्यापिण्याचा घाट घालू नका, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते.

तुमची लाडकी भाची,
भिंगरी


दि. ११ जानेवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आलं आणि घरात लगीनघाई सुरू झाली. कारखाना बंद पडून नऊ वर्षं झाली, तेव्हापासून तिथे मी आणि जाळ्यातला कोळी असे दोघेच. शहरातली शिकलेली माणसं येऊन आमच्या भाचीचं आजोळ असं कसं म्हणतील, या काळजीने मी कामाला लागलो आहे. शेड झाडली, साचे पुसले, पडझड होती ती नीट करून सगळीकडे पांढरा हात फिरवला. नाक मुरडायला जागा ठेवायची नाही असं ठरवलं आहे. तुझ्या आजोबांनी बघितलं असतं तर ओळखलं नसतं.

पावलं अधूनमधून दिसतात. तुझे कॅमेरे भरून वाहतील बघ. प्रकृतीला जप, आणि चालताना खाली बघून चालत जा.

तुझा,
मामा

ता. क. मी मामी लिहितेय. हे दिसेल त्याला चुना फासत सुटलेत. मी हल्ली एका जागी फार वेळ उभी राहत नाही.


दि. ९ मार्च

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

खाली बघून चालत जा असं तुम्ही लिहिलंत आणि तिसऱ्याच दिवशी साळिंदराच्या बिळात पाय गेला. प्लास्टर निघालं, आता काठी आहे. मी येऊ शकले नाही याचं दुःख होतंच, पण माझ्या माणसांना तुम्ही दोघांनी इतकं जपलंत की ते अजून मामीचंच नाव काढतात.

आता वाईट बातमी. कॅमेरे उघडले. सहा आठवड्यांत एक पाळीव मांजर, एक घुबड आणि तुम्ही दोनशे बारा वेळा. त्यातल्या चौदा वेळा तुम्ही कॅमेऱ्याकडे बघून केस सारखे केले आहेत. बाकी काही नाही, मामा. कोल्हासुद्धा नाही.

आमच्या प्रमुख बाई म्हणाल्या की पुरावा नाही म्हणजे वाट नाही. पेट्रोलपंपाजवळ दोन कोल्हे टिपले गेले आहेत आणि रस्त्याच्या अभियंत्यांना ती जागा सोयीची आहे, तेव्हा तिचीच शिफारस होईल. पण पंपाच्या पलीकडे दगडाची खाण आहे. तिथून नदीपर्यंत काय उडत जाणार का ती जनावरं? बाईंना हे मी तीनदा सांगितलं. त्यांचं म्हणणंही खोटं नाही, त्यांना हातात काहीतरी हवं.

तुमचे रात्रपाळीवाले गेले कुठे? की संपलेच सगळे? या नोकरीच्या चार वर्षांत मी कधी रडले नव्हते, काल रडले.

तुमची,
भिंगरी


दि. १३ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मी काल जेवलो नाही. कारण तुझे रात्रपाळीवाले कुठेही गेलेले नाहीत. त्यांचं दार मी बंद केलं.

मागच्या भिंतीला भगदाड होतं ते तुला आठवत असेल. ती भिंत पडली तेव्हा तुझ्या आजोबांनी सांगितलं होतं, तेवढी राहू दे, कुणाची तरी वाट असेल. मी पन्नास वर्षं राहू दिली. आणि तुझे पाहुणे येणार म्हणून जानेवारीत स्वतःच्या हाताने विटा लावून बुजवली, वरून चुना दिला. इतकं सुबक काम मी आयुष्यात केलं नव्हतं. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय म्हणू?

तुझं पत्र वाचल्यावर भिंतीच्या बाहेरून जाऊन पाहिलं. इकडून तिकडे येरझाऱ्या घालून माती घट्ट झाली आहे. चुन्यावर पंजे ओढल्याच्या रेघा आहेत. बिचारी दोन महिने दार वाजवत होती, पोरी. मी घरी जाऊन घण आणला आणि होतं त्याहून दुप्पट मोठं भगदाड पाडलं.

पण पंधरा दिवसांत कोण येणार आणि काय टिपलं जाणार? म्हणून एक विचारतो, वेडेपणा वाटला तर हसून सोडून दे. ओली कौलं आम्ही मागच्याच अंगणात सुकत घालायचो. त्यांच्यावर जनावराचं पाऊल उमटायचं. तुझ्या आजोबांचा नियम होता की पाऊल उमटलेल्या कौलाची पुन्हा माती करायची नाही. ते तसंच भाजायचं आणि नवं घर बांधणाऱ्याला फुकट द्यायचं. मीही तेच केलं. कौलाच्या पाठीवर महिन्या-वर्षाचा शिक्का असतोच. म्हणजे गावातली निम्मी छपरं ही रात्रपाळीची हजेरीबुकं आहेत. तुझ्या सुनावणीत असलं काही चालतं का?

तुझा अपराधी,
मामा

ता. क. सव्वीस वर्षं मी गरम पातेलं ज्या कौलावर ठेवते, त्यावर एक मोठा आणि एक छोटा पंजा आहे. मला वाटायचं नक्षीच आहे. घासून पुसून फोटो पाठवते. कौल लागलं तर न्या, पण परत करा. मला पातेलं ठेवायला दुसरं काही नाही. — मामी


दि. १६ मार्च

ती. मामांस,
शि. सा. न. आणि एक घट्ट मिठी.

चालतं का म्हणून विचारता? मी फोटो प्रमुख बाईंच्या टेबलावर ठेवला तेव्हा त्या खुर्चीतून उठल्या आणि बराच वेळ बसायचं विसरल्या. ती अस्वलीण आणि पिल्लू आहे, मामा. पाठीवर वर्ष आणि वर घरातल्या पातेल्याचा डाग! जगातल्या कुठल्या कॅमेऱ्याने सव्वीस वर्षांपूर्वीचा फोटो आता काढून दिला असता?

आता नीट ऐका. मिळतील तेवढी कौलं गोळा करा. प्रत्येकाबरोबर घरमालकाचं नाव, पत्ता आणि सही हवी. छपरं उघडी पडतील, तेव्हा कुणावर जबरदस्ती नको. आणि छपरावर तुम्ही चढायचं नाही. हे मी मामीलाही वेगळं कळवते आहे, कारण तुमच्यावर माझा भरवसा नाही.

भिंतीचं मनाला लावून घेऊ नका. माझ्या पाहुण्यांसाठीच केलंत ना?

तुमची,
भिंगरी


दि. २५ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

मी छपरावर चढलो नाही. तुझ्या मामीने शिडीच कुलपात ठेवली. पण बाकी सगळं गाव चढलं. पोस्टमन घरोघर पत्रं देतादेता वर बघून सांगायचा. न्हाव्याने दुकान दोन दिवस बंद ठेवलं, त्याच्या एकट्याच्या छपरातून एकोणीस निघाली. शाळेच्या बाईंनी प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवून सुंदर अक्षरात नावं घातली. शेळ्या पाळणाऱ्या आजीकडे जायला मी कचरत होतो, कारण तिचा या जनावरांवर राग. तर तिनेच निरोप धाडला की कोल्ह्याने माझी दोन करडं नेली खरी, पण त्याच्याच पावलाचं कौल तीस वर्षं माझ्या डोक्यावर आहे, फिटंफाट झाली. तिची सात मिळाली. आजवर एकूण तीनशे सतरा.

छपरांना भोकं पडली ती माझ्यामुळे, म्हणून मी कारखाना उघडला. नऊ वर्षांनी माती मळली. जुने चार कारागीर आपणहून आले, एकाचा तर हात थरथरतो म्हणून त्याला मी मोजणीला बसवलं. पहिली चारशे कौलं मागच्या अंगणात सुकत घातली आहेत, भट्टी पुढच्या आठवड्यात पेटेल. तोवर गाव प्लास्टिक अंथरून झोपतं आहे आणि कुणी कुरकुरत नाही.

आणि एक गोष्ट आहे, ती मी पत्रात लिहीत नाही. सुनावणीला बरोबर घेऊनच येतो. बसमध्ये मला खिडकीची जागा मिळो, एवढीच इच्छा आहे.

तुझा,
मामा


दि. ३० मार्च

ती. मामीस,
शि. सा. न. वि. वि.

मामा परवा इथून निघतील, त्यांच्याआधी हे पत्र पोचावं म्हणून घाईने लिहिते. त्यांनी सांगितलेलं सगळं खरं धर, कारण या खेपेला त्यांना वाढवून सांगायची गरजच नाही.

सभागृहात जागा पुरेना, म्हणून आम्ही कौलं बाहेरच्या लांब व्हरांड्यात वर्षांच्या क्रमाने मांडली. निर्णय ज्याच्या हाती, तो रस्त्याचा अभियंता जाड भिंगांचा, अबोल माणूस. तो पहिल्या कौलापासून वाकून बघत निघाला. हरीण, साळिंदर, रानमांजर, कोल्हा, पुन्हा हरीण. तुझ्या पातेल्याच्या कौलापाशी आला आणि सरळ जमिनीवर बसला. मग पंपाजवळच्या दोन कोल्ह्यांचा विषय कुणी काढलाच नाही.

पण आत गेल्यावर त्याने एकच प्रश्न विचारला, आणि तो रास्त होता. म्हणाला, शेवटचं कौल नऊ वर्षांपूर्वीचं आहे. आज तिथून कुणी जातं याला आधार काय? अंगणातले कॅमेरे रिकामे होते ते त्याच्या कागदांत होतंच.

तेव्हा मामा उठले. सकाळपासून मांडीवर ओल्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन बसले होते, चहालासुद्धा खाली ठेवलं नव्हतं. मला वाटलं तुझा डबा असेल. त्यांनी फडकं सोडलं. कच्चं कौल, न भाजलेलं, अजून ओलसर. त्यावर अस्वलाचा पंजा, नखांसकट. मामा म्हणाले की भिंत फोडल्यावर बाराव्या दिवशी सकाळी हे मिळालं, पाठीवर या महिन्याचा शिक्का आहे, आणि साहेबांनी बोट लावू नये कारण माती अजून धरलेली नाही. मग भिंत आपणच बुजवली होती हेही सगळ्यांसमोर सांगून टाकलं, मान खाली न घालता.

अभियंत्याने चष्मा काढून पुसला आणि विचारलं की अंगण मोकळं राहील का. मामांनी गावाच्या सह्यांचा कागद पुढे केला: रानापासून रस्त्यापर्यंतच्या पट्ट्यात कुणी कुंपण घालणार नाही, दिवे लावणार नाही, कुत्री बांधून ठेवील. पहिला अंगठा शेळ्यावाल्या आजीचा होता.

आपण जिंकलो, मामी! वाट कारखान्यासमोरच होणार. माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती, मी काठी टाकून मामांच्या गळ्यात पडले, आणि ते ओरडले की कौल, कौल सांभाळ.

तुझं कौल मात्र इथे कपाटात ठेवायचं म्हणतायत. मी भांडते आहे.

तुझी,
भिंगरी


दि. १९ नोव्हेंबर, पुढलं साल

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

वाट पुरी झाली. तू परदेशी शिकवायला गेलीस म्हणून उद्घाटन हुकलं असं वाटून घेऊ नकोस, उद्घाटन मी होऊ दिलं नाही. फीत आणि बँड बघून कोण जनावर फिरकेल? अभियंता एकटाच आला होता.

ते सुनावणीचं कौल मी भाजलं. अभियंत्याने ते कार्यालयात लावायला मागितलं, शाळेच्या बाईंनी शाळेला मागितलं. मी तुझ्या आजोबांचा नियम सांगितला: पावलाचं कौल नवं घर बांधणाऱ्याला द्यायचं. या खेपेला ज्यांच्यासाठी बांधलं, त्यांनाच दिलं. वाटेच्या तोंडाशी, त्यांच्या नजरेच्या उंचीवर बसवलं. सिमेंट त्या अभियंत्याने स्वतः कालवलं.

तोंडाशी मी बारीक माती चाळून पसरली होती. आज सकाळी पाहिली. आत जाणारा एक मोठा पंजा, मागोमाग दोन छोटे. पलीकडे नदीच्या बाजूला गेलो, तिथेही तेच, बाहेर पडणारे. तिघंही पोचली, भिंगरी. मी तिथेच मातीत बसून रडलो, आणि आज झाडायचं नाही असं ठरवून घरी आलो.

माया आहे तशीच ठेव, आणि खाली बघून चालत जा.

तुझा,
मामा

ता. क. एक गोष्ट सांगायची हे विसरले. माझं कौल काही परत आलं नाही, म्हणून त्यांनी मला नवं करून दिलं आहे, त्यावर स्वतःच्याच हाताचा पंजा उठवून. म्हणे, मीही पन्नास वर्षं रात्रपाळी केली. पातेलं छान बसतं. — मामी