उंबऱ्याचा गुरुवार

गुरु. २७ नोव्हेंबर २००३
ऑफिस सुटल्यावर थेट मंडळात. आरती, मग दादांचं प्रवचन. खुर्चीवरून. आवाज अजून तसाच, ऐकत राहावा असा. बाहेर पडताना लक्षात आलं, आज महिन्यातला शेवटचा गुरुवार. कुणाला आठवणही नाही.

पंचवटीत दोन खोल्यांत मंडळ होतं तेव्हा हा ‘उंबऱ्याचा गुरुवार’. दादा उंबऱ्यावर बसायचे, चपलांशेजारी. आम्ही सगळे आत, सतरंजीवर. म्हणायचे, “बोला, या महिन्यात माझं काय चुकलं?” नियम एकच. दादांनी उत्तर द्यायचं नाही, चूक दुरुस्त करायची. एकदा मीच म्हटलं, तुम्ही वहिनींवर चारचौघांत ओरडता. दादा उठले, स्वयंपाकघरात गेले, बायकोची माफी मागून आले. वहिनी पोळ्या लाटत होत्या. वर न बघता म्हणाल्या, “बरं. कणीक संपलीय.” काय हसलो होतो! असा गुरू मिळायला भाग्य लागतं, असं वाटायचं. खरंच वाटायचं.

गंगापूर रोडच्या नव्या हॉलला उंबराच नाही. सरकती काच आहे.

मंगळ. २ डिसें.
शेजारची मंजिरी आली. फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून माझं बोट धरून मंडळात यायची, आता बी.एड. करते. मंडळातले हार हिच्या घरच्याच मळ्यातल्या फुलांचे. बरेच दिवस ती मंडळात दिसली नव्हती, म्हणून मी हटकलं. तर रडायलाच लागली.

दादा हल्ली ‘व्यक्तिगत मार्गदर्शन’ करतात, एकेकाला आतल्या खोलीत बोलावून. हिला बोलावलं. कडी लावली. जवळ ओढलं. ही हात सोडवून पळाली. “मावशी, तुम्ही तरी मला खोटं ठरवू नका.” चहा ठेवला होता, उतू गेला. गॅस बंद करायचंही सुचलं नाही.

आता मंडळात कुजबुज, पोरीचं डोकं ठिकाणावर नाही. कुणी पसरवलं ते कळायला ज्योतिषी नको. हिची आई मला म्हणते, “ताई, गप ऱ्हावा. पोरीचं लगीन व्हायचंय.”

शनि. ६ डिसें.
हे गेले तेव्हा दादा रोज येऊन बसायचे. उपदेश नाही, काही नाही. नुसते बसायचे. त्यांच्यामुळे मी पुन्हा कामावर जाऊ लागले. तो माणूस आणि हा माणूस एकच कसा? पण मंजिरी खोटं बोलत नाही, हे मला माझ्या नावाइतकं माहीत आहे. राग येतो. त्याहून वाईट म्हणजे दादांसाठीच रडू येतं.

सोम. ८ डिसें.
मंडळाच्या चिटणीसांना भेटले. म्हणाले, “लताताई, गुरूंची परीक्षा आपण घ्यायची नसते.”
म्हटलं, पूर्वी दर महिन्याला घेत होतो की.
“तेव्हा मंडळ लहान होतं.”
म्हणजे मंडळ मोठं झालं की माणूस चुकायचा थांबतो! धन्य.

मंजिरीला विचारलं, मी सगळ्यांसमोर बोलू का? म्हणाली, “माझं नाव न घेता बोला.”

गुरु. २५ डिसें.
बोलले. आरती झाल्यावर उभी राहिले. “दादा, आज उंबऱ्याचा गुरुवार. आतल्या खोलीची कडी लावून तुम्ही आपल्या मुलींशी कसे वागता?”

वाटलं होतं, खुर्चीवरून उतरतील. वेडी आशा. पण नियम दादांनीच केला होता, तेव्हा...

दादा हसले. तेच जुनं, मायेचं हसू. “लताताई विसरल्या वाटतं. उंबऱ्याच्या गुरुवारी मी उत्तर द्यायचं नसतं.” लोकही हसले. टाळ्यासुद्धा. किती नम्र, म्हणाली माझ्या बाजूला बसलेली बाई.

आम्ही जीव लावून जपलेला नियम त्यांनी ढालीसारखा पुढे धरला. इतकं कशानंच दुखलं नसतं. प्रसाद न घेता घरी आले.

सोम. २९ डिसें.
चिटणीसांचा निरोप, काही दिवस मंडळात येऊ नका, वातावरण बिघडतं. बरं.

संध्याकाळी रिक्षातून वहिनी आल्या. एकट्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. थकल्यात खूप. पाणी दिलं, प्यायल्या नाहीत. म्हणाल्या, “तुम्ही नाव घेतलं नाहीत. मंजिरी ना?”

मी पाण्याचा पेला उचलून बाजूला ठेवला.

“ती पहिली नाही, लताताई.”

मी दार लोटून घेतलं. मग वहिनी म्हणाल्या, “मला तिच्या घरी न्या.”

मंजिरीला आधी विचारायला हवं होतं. सुचलं नाही. गेलो. तिच्या आईने दार उघडलं आणि दारातच आडवी उभी राहिली. “काय काम हाय?”

वहिनी म्हणाल्या, “तुमची लेक खरं बोलतेय. तिची हरकत नसेल तर मी हे मंडळात सांगेन. सगळ्यांसमोर.”

तिची आई बघतच राहिली. मग म्हणाली, “मंग पहिलीच्या वेळंलाच का नाय सांगितलं?”

मी वहिनींचा हात धरला. मागून मंजिरी पुढे आली. आईच्या खांद्यावरून वहिनींकडे बघत राहिली. आत या म्हणाली नाही, जा असंही म्हणाली नाही.